एका रात्रीसाठी नैवाशा

गुरुवार रात्र

केतन: मावशी, आईला नैरोबीत येऊन आठ दिवस झाले. भाजी आणायला सोडलं तर घराबाहेर पडलेली नाही. शनिवार-रविवार मला सुट्टी आहे. एका रात्रीसाठी कुठे नेऊ? ऑफिसमध्ये सगळे मसाई मारा म्हणतायत.

सुधामावशी: मारा नको रे. जायला पाच-सहा तास, यायला तेवढेच. ताईची कंबर धरेल नुसती. नैवाशाला ने, तळ्याकाठी. ९० किलोमीटर, दोन तासांत पोचाल.

आई: अरे, माझ्यासाठी एवढा खर्च कशाला? मी घरी बरी आहे.

प्रमोदमामा: ताई, खर्चाचं नाव काढू नकोस. दोन वर्षं भाऊजींच्या उशाशी बसलीस, एक रात्र सलग झोपली नाहीस. जा तू.

सुधामावशी: केतन, आम्ही तिथे अकरा वर्षं काढली, म्हणून सांगते, नीट वाच. शनिवारी सकाळी सातच्या आत निघा. जाताना खालच्या रस्त्याने, माई माहियूवरून. ट्रक असतात, हळू चालव. ताईला घाट लागतो, तिला पुढे बसव. उतरताना कड्यावर थांबायच्या जागा आहेत. तिथे उतरून नुसतं बघा. पायाखालची जमीन संपते आणि थेट खाली रिफ्ट व्हॅली पसरलेली असते, समोर लोंगोनोटचा ज्वालामुखी. पायथ्याशी एक इवलंसं चर्च आहे, हा रस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ साली उभारलेलं. देवळात जाऊन बसल्यासारखं वाटतं तिथे.

परतताना मात्र वरच्या रस्त्याने, लिमुरूवरून या. आणि रविवारी दुपारी बाराच्या आत निघा. संध्याकाळी अख्खं नैरोबी त्याच वेळी परत येत असतं.

मुग्धा: मावशी, हेल्स गेट नॅशनल पार्क पण तिथेच ना? माझी मैत्रीण गेली होती, झेब्र्यांच्या मधून सायकल चालवतात म्हणे!

सुधामावशी: हो, तिथेच. फार सुंदर आहे. पण मुग्धा, एका रात्रीत हेही बघू आणि तेही बघू केलं की विश्रांती राहते बाजूला. ताईला आत्ता बघायचं नाहीये, बसायचंय. केतन, मोई साऊथ लेक रोडवर, तळ्याला लागून हिरवळ असलेली जागा घे. पिवळ्या सालीच्या मोठमोठ्या बाभळी असतात काठाने. त्यांच्या सावलीत दोन खुर्च्या मांडायला सांग आणि फोन खोलीत ठेवून ये.

केतन: आणि बोट? आईला पाण्याची भीती वाटते.

सुधामावशी: बोट रविवारी सकाळी. दुपारनंतर वारा सुटतो आणि तळं खवळतं. नैवाशा हे नाव मसाई लोकांच्या त्याच अर्थाच्या शब्दावरून आलंय, उसळणारं पाणी. सकाळी मात्र अगदी शांत असतं. लाइफ जॅकेट घालायला लाव. क्रेसेंट आयलंडला उतरा, तिथे वाघ-सिंह नाहीत, जिराफांच्या जवळून पायी फिरता येतं. ताई, तुझा हात केतन धरेल.

आई: बरं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घेते.

सुधामावशी: कर, पण स्टीलच्या डब्यात. पुण्याहून आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेव. केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि कडक पाळतात. स्वेटर, मोजे नक्की घे. समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,९०० मीटर उंच आहे ते. आफ्रिका म्हणून सगळ्यांना वाटतं उकाडा असेल, रात्री कुडकुडायला होतं.

प्रमोदमामा: आणि प्राणी खोलीपाशी येत नाहीत ना?

सुधामावशी: पाणघोडे येतात. रात्री चरायला पाण्याबाहेर पडतात. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचंच नाही, तळ्याच्या काठाला तर मुळीच नाही. साडेसहा-पावणेसातला झपकन काळोख होतो, विषुववृत्त जवळ आहे ना. जेवणाहून खोलीपर्यंत अस्करी, म्हणजे राखणदार, टॉर्च घेऊन सोडायला येतो. त्याच्याबरोबरच चालायचं. 'असांते', म्हणजे धन्यवाद, म्हणायला विसरू नको, ताई. बाकी स्वाहिलीतले निम्मे शब्द तुला येतातच: चाय, चपाती, गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान.

शनिवार संध्याकाळ

केतन: पोचलो. आई खुर्चीत बसून तीन तास झाले. मधे एकदाच बोलली, तो पांढऱ्या डोक्याचा पक्षी कोणता म्हणून.

सुधामावशी: मत्स्यगरुड! मान मागे टाकून ओरडतो बघ. आता उत्तर देऊ नकोस, फोन ठेव.

रविवार सकाळ

आई: सगळ्यांना सुप्रभात. सुधा, तुला सांगायचंय म्हणून लिहितेय. रात्री जेवून आलो, पांघरुणात पाय घातले तर काहीतरी ऊबदार लागलं. गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरीच्या खोळीत. कुणीतरी आधीच ठेवून गेलं होतं. दोन वर्षं मी ह्यांच्या पायाशी ठेवत होते. तशीच पिशवी.

मग दोन वाजता जाग आली. ह्यांच्या औषधाची वेळ. वर्ष होऊन गेलं तरी डोळे त्याच वेळेला उघडतात. घरी मग उठून बसते, दिवा लावते. इथे खिडकीखाली आवाज येत होता, जुनं लुगडं टराटरा फाडावं तसा. आधी घाबरले. मग पडदा जरासा सरकवला, तर चांदण्यात काळी पाठ दिसली, एवढी मोठी. पाणघोडा गवत खात होता. मधेच जोरात श्वास सोडायचा. ऐकत पडून राहिले. तो कधी गेला कळलंच नाही गं, मला झोप लागली होती. जाग आली तेव्हा सव्वासात.

प्रमोदमामा: ताई 🙏

सुधामावशी: ताई, मला रडू आलं. चहा झाला का?

आई: झाला. बाहेर खुर्चीत बसून घेतला, दोन कप. तळ्यावर धुकं आहे, पाणी अगदी शांत, तू म्हणालीस तसं. बोट नऊला सांगितलीय. केतन अजून झोपलाय. इतक्यात उठवत नाही त्याला.