‘ताल दुरुस्त केला’ की ‘लय सावरली’?

मूळ प्रश्न, सांगलीहून:

विश्रामबागेत घरच्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. मागच्या आठवड्यात एका भावगीतासाठी अकूस्टिक गिटार घेतली. मिनिटाला ८० मात्रा, वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक. मुलगा तयारीचा आहे, पण अंतऱ्यात रंगला आणि काही आघात क्लिकच्या आधी पडले. ते मी संगणकावर नीट केले आणि ग्रुपवर लिहिलं, "गिटारचा ताल दुरुस्त केला आहे." संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, माझा ताल कुठे चुकला? एकदाही सम सोडली नाही मी."

त्याचं खरं होतं. मी चुकीचा शब्द वापरला आणि तो त्याला लागला. या कामाला सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइज म्हणतात. मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद, मिरजेहून:

मुलगा बरोबर बोलला. ताल चुकणे म्हणजे मात्रांचा हिशेब चुकणे. आठाच्या जागी सात झाल्या, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, भलतीकडेच आली, तर ताल चुकला. त्याला सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही, पुन्हा वाजवायला बसावं लागतं.

तुमच्याकडे झालं ते वेगळं. आमच्या बैठकीत त्यालासुद्धा एकच शब्द नाही. हळूहळू वेग वाढत गेला तर ‘लय चढली’. तेवढ्यापुरता पुढे गेला तर ‘पळाला’. मागे राहिला तर ‘रेंगाळला’. लय एकसारखी राहतच नसेल तर ‘लय ढळते’. चारही दोष वेगळे, म्हणून इलाजही वेगळे. चढलेल्या लयीत एकेक आघात सरकवत बसण्यात अर्थ नाही. तिथे वाजवण्याप्रमाणे पडद्यावरच्या मात्रांच्या रेषाच हलवाव्या लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरला टेम्पोचा नकाशा करून द्यावा लागतो. पळालेला एखादा आघात मात्र उचलून मागे ठेवता येतो.

दुसरं असं की ‘दुरुस्त’ म्हटलं की आधी काहीतरी मोडलं होतं असं ऐकू येतं. इथल्या सतारमेकरांकडे तंबोरा घेऊन गेलात तर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासून ते जवारी लावून देतात, म्हणजे तारेचा गुंजारव खुलवून देतात. घरी आल्यावर कोणी "तंबोरा दुरुस्त करून आणला" म्हणत नाही, "जवारी लावून आणली" म्हणतात. त्या कारागिरीला स्वतःचं क्रियापद आहे. तुमच्या कामालाही ते हवं. मी ‘लय सावरणे’ सुचवतो. तोल गेलेल्याला आपण सावरतो. त्यात तो पडला होता असा आरोप नाही.

प्रतिसाद, सांगलीहून:

‘ताल बसवणे’ का नको?

प्रतिसाद, कराडहून:

‘बसवणे’ आधीच गुंतलेलं आहे. चाल बसवतात, नाटक बसवतात. सांगलीत तर "ट्रॅक बसवला" म्हटलं की लोकांना तालीम घेतली असंच वाटेल.

‘सावरणे’ मला आवडलं, पण एका अटीवर. आमच्या भजनी मंडळात पखवाजाला सांगतात, "ठेका धर, पळवू नको." तेच लोक दुसऱ्या दिवशी म्हणतात, "आज ठेक्याला काय झोल होता!" हा झोल म्हणजे व्यवहारातली लबाडी नव्हे. दोरीला किंवा कापडाला असतो तो सैलपणा, झुलणं. केरव्याच्या ठेक्यात काही आघात मोजल्या जागेपेक्षा कणभर मागे पडतात आणि त्यावरच माणसं डोलतात. सगळे आघात रेषेवर नेऊन ठेवलेत तर झोल गेला. मग त्याला सावरणे म्हणू नका, सरळ ‘रेषेवर ओढणे’ म्हणा. सॉफ्टवेअर पन्नास-साठ टक्केच ओढायची सोय देतं, ती याच कारणासाठी. क्वांटाइज या एका शब्दात दोन्ही मावतं. मराठीत दोन शब्द असू द्यावेत.

मूळ प्रश्नकर्ता:

दोन शब्दांचं पटलं, कारण ती चूक मी पहिल्या रात्रीच केली होती. सगळा अंतरा शंभर टक्के ओढला आणि ऐकल्यावर गिटार उशिरा वाजतेय असं वाटलं. रेषा पाहाव्यात तर सगळं जागेवर! मोठं करून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. गिटारचा खाली जाणारा हात सहाही तारा एका क्षणी छेडत नाही. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत जायला माझ्या ट्रॅकवर सुमारे ३५ मिलिसेकंद लागत होते. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, तिचा पाव भाग १८७.५. त्यात ३५ म्हणजे थोडंथोडकं नाही. सॉफ्टवेअरने पहिल्या तारेची सुरुवात धरून ती रेषेवर ठेवली. मुलाच्या कानाने मात्र झणत्काराचं वजन मात्रेवर ठेवलं होतं, म्हणून त्याची पहिली तार मुद्दाम आधी होती. ते पळणं नव्हतंच.

आता फक्त नऊ आघात हलवले आहेत, तेही कानाने. दोन माइकचे दोन्ही ट्रॅक एकत्र बांधून हलवले, नाहीतर आवाज पोकळ होतो.

प्रतिसाद, मिरजेहून:

नऊच? मग ‘सावरणे’ शोभतं.

‘लय’ या शब्दाबद्दल थोडं सांगायचं राहिलं होतं. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त लयीची व्याख्या दिली आहे. एका क्रियेनंतरची विश्रांती ती लय. आघात म्हणजे लय नव्हे, दोन आघातांमधली जागा म्हणजे लय. मला हे फार मोलाचं वाटतं. पडद्यावर तुम्हाला आघाताचे उंचवटे दिसतात आणि हात तिकडेच जातो. पण एक आघात मागे सरकवला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या विश्रांती बदलतात. शिवाय तारवाद्यात ती विश्रांती रिकामी नसते, तिथे आधीच्या स्वराची आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, असते. पळालेला आघात मागे नेलात की त्याच्या अगोदरच्या जागेत भोक पडतं आणि आस तुटते. ‘आस’ हा शब्द तुमच्या खोलीतही वापरा. ‘सस्टेन’ म्हणायची गरज नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

तेच भोक बुजवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. आघात ताणला तर तो पुसट होतो आणि तार धातूची न वाटता पाण्यातली वाटते. म्हणून आघाताच्या अगदी आधी कापायचं, तो जसाच्या तसा सरकवायचा आणि आधीच्या सुराची आस तेवढी ताणून भोकापर्यंत आणायची. मग दोन्ही टोकं पाच-दहा मिलिसेकंद एकमेकांवर चढवायची. या शेवटच्या कामाला आम्ही क्रॉसफेडच म्हणतो. त्याला कोणाकडे शब्द आहे का?

ग्रुपवर मी काल नवा निरोप टाकला, "अंतऱ्यात नऊ ठिकाणी लय सावरली आहे, ताल मूळचाच पक्का." मुलगा रविवारी ऐकायला येतोय.

प्रतिसाद, साताऱ्याहून:

क्रॉसफेडला ‘सांधा’. माझी आजी शालीला रफू करायची तेव्हा कापड उजेडासमोर धरून म्हणायची, "सांधा दिसतोय का बघ रे." तुमच्या मुलालाही तेच विचारा, फक्त ‘ऐकू येतोय का’ म्हणा. आणि कुठले नऊ ते आधी सांगू नका.