वजन पाच किलोने उतरले, पण पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागतो

पेठेतली सून:
माझ्या सासऱ्यांचे वय 68 आहे. साखर आणि रक्तदाबामुळे वजन उतरवायला सांगितल्यापासून त्यांनी भात, गूळ आणि रात्रीचा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचा पेलाही बंद केला. पहाटे चारचा गजर लावून ते रंकाळ्यावर फिरायला जातात, मात्र रात्री कुस्तीचे जुने व्हिडिओ पाहत साडेअकरा-बारा वाजवतात आणि दुपारी जेवणानंतर दोन-अडीच तास झोपतात. चार महिन्यांत वजन 86 किलोंवरून 81 किलोंवर आल्याने घरात आनंदच होता. परंतु गेल्या पंधरवड्यापासून पूजा आटोपून पाटावरून उठताना ते भिंतीला हात लावतात, हे माझ्या लक्षात आले आहे, आणि हा माणूस तरुणपणी तालमीत घाम गाळलेला आहे. "म्हाताऱ्याला झोप कमीच लागते," असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे का, आणि याचा वजनाशी काही संबंध आहे का?

जुना विद्यार्थी:
झोपेची गरज फारशी कमी होत नाही. झोप उथळ होते, मधेच मोडते आणि संध्याकाळी लवकर येऊ लागते. पासष्टीपुढील व्यक्तींसाठी 7 ते 8 तासांची झोप सुचवली जाते.

आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा एक छोटा प्रयोग शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला होता. जादा वजनाच्या दहा जणांना तोच मोजका आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात राहू दिले. दोन्ही वेळा वजन साधारण तीन किलोंनीच उतरले. पण पुरेशा झोपेत त्यातील 1.4 किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत केवळ 0.6 किलो, म्हणजे बाकीची घट स्नायूंसारख्या चरबीविरहित भागातून झाली. ही माणसे मध्यमवयीन होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सासऱ्यांना लावू नयेत. तथापि, वयोमानाने स्नायू आधीच झिजत असताना ही उधळपट्टी परवडणारी नाही. काटा पाच किलो दाखवतो. त्यात काय गेले, ते तो सांगत नाही.

राजारामपुरीकर, वय 71:
माझी झोप दोन कारणांनी मोडत होती. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी मी रात्री घेत असे आणि तीनदा उठत असे. डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेऊ लागल्यावर एकदाच उठावे लागते. मधल्या काळात एका दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दिलेली झोपेची गोळी घेतली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलो. आमच्या वयाला त्या गोळ्यांनी तोल जातो, हे मला नंतर कळले. दुसरे कारण घोरण्याचे होते. सासरे मोठ्याने घोरत असतील आणि मधेच श्वास अडकल्यासारखे होत असेल, तर झोपेची तपासणी अवश्य करून घ्यावी. दुपारच्या पेंगेचे मूळ तिथेही असू शकते.

ताराबाई पार्क:
वरील सर्व मान्य; मात्र दूध तोडले ते मला पटले नाही. साखर न घातलेले कपभर दूध, उसळ, अंडे यांतील प्रथिनांवरच स्नायू टिकतात. ज्येष्ठांसाठी दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सुचवतात, पण मधुमेह असल्याने मूत्रपिंडाची तपासणी पाहूनच प्रमाण ठरवावे. नुसत्या चालण्याने मांडीत बळ येत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, हीच या वयाची बैठक समजावी. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासावर आणावी.

पेठेतली सून:
सर्वांचे आभार. गजर साडेपाचचा करायला आणि व्हिडिओ दहाला बंद करायला ते कबूल झाले आहेत. 'बैठक' हा शब्द ऐकून तर ते खुशीतच उठले. दुपारच्या झोपेवर अद्याप वाटाघाटी चालू आहेत. घोरण्याबद्दल सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, दहा वर्षं मी पलीकडच्या खोलीत झोपते, ते कशासाठी?" सोमवारी दवाखान्यात त्यांनाही सोबत नेत आहे.