इंजिन बांधल्यावर ब्रीदरमधून धूर, रिंगा बसल्या नाहीत का?

प्रश्न (परभणी): ट्रॅक्टरला नवे लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, रिंगा. ४० तास झाले, तरी ब्रीदर (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी) धूर फेकतोय, तेल खातंय. हेड काढावं का?

उत्तर (जालना): लगेच नको. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये ५ मिली इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाहीतर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. तेल जास्त ओतू नका. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा कमी, आकडा खोटा फुगतो.

उत्तर (लातूर): नुसतं आयडलवर (उभं ठेवून, लोड न देता) चालवलंय का? रिंग लायनरवर दाबली जाते ती गॅसच्या दाबाने. लोड नसेल तर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो, मग होनिंगशिवाय (लायनर आतून घासून बारीक रेघा पाडल्याशिवाय) इलाज नाही. आधी काळ्या रानात नांगर लावून बघा.

उत्तर (जालना): उघडलंच तर दुसऱ्या रिंगेची खूण वर आहे ना, बघा. उलटी बसली की तेल वर ओढते.