विषय: ठाण्याच्या घरचा शेरू सारखा खाजवतोय, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हे घुसडायला नको म्हणून वेगळं लिहितेय. आईबाबा ठाण्यात, ढोकाळीला. त्यांचा कुत्रा शेरू, इंडी म्हणजे आपला देशी, चार वर्षांचा, बिल्डिंगखालचाच उचललेला, गेले तीन महिने नुसता खाजवतोय. रात्रभर कान फडफडवतो, बाबांची झोप उडालीय. डॉक्टरकडे नेलं की ते इंजेक्शन देतात, आठ-दहा दिवस बरं असतं आणि मग पुन्हा तेच, असं तीनदा झालं. कानांच्या कडा आणि कोपरांवरचे केस गेलेत. शेजारच्या काकू म्हणाल्या चिकनची उष्णता, म्हणून चिकन बंद केलं, ढिम्म फरक नाही. आईने कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ घातली, खोबरेल चोपडलं, सगळं झालं. इकडे न्यू जर्सीत माझ्या मैत्रिणीचा कुत्रा खाजेची रोज एक गोळी घेतो आणि मस्त आहे. कुणी ठाण्याला जाणारं असेल तर ती पाठवू का?

ता.क. आईच्याही हाताला आणि पोटावर पुरळ आलंय, तिला वाटतं भांड्यांच्या साबणाने.

---

अगं, ता.क. म्हणून लिहिलंस तेच खरं पत्र आहे!

मी आता कायमचा ठाण्यात आलोय, घोडबंदर रोडला, मेलमध्ये मात्र अजून मंडळातच आहे. आमच्याकडे दोन कुत्री झाली, त्यातल्या पहिल्याचं अगदी असंच झालं होतं. कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचा घोटा, भयंकर खाज आणि घरातल्या माणसालाही पुरळ, म्हणजे आधी खरजेचा संशय घ्यायचा. हा सार्कोप्टिस नावाचा कीडा कातडीत बोगदे करतो, रस्त्यावरच्या कुत्र्याकडून सहज लागतो. माणसावर त्याची पिढी वाढत नाही, कुत्रा बरा झाला की आईचंही आपोआप ओसरेल, पण तिला स्किनवाल्या डॉक्टरला दाखवाच, आणि कुत्र्याला खाज आहे हे तिथे सांगा, नाहीतर ते साबणावरच खापर फोडतील.

बाबांना एक करायला सांग. शेरूच्या कानाची कड दोन बोटांत धरून जरा चोळायची. मागचा पाय हवेत खाजवायला लागला तर संशय पक्का होतो. पुरावा नाही म्हणता येणार, पण डॉक्टरला सांगण्याजोगं आहे. मग कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, आणि इथेच बहुतेक लोक फसतात, कारण त्यात कीडा दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं नसतं, खरजेचे कीडे थोडेच असतात आणि हाती लागत नाहीत. चांगला डॉक्टर अशा वेळी औषध देऊन बघतो.

इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचं असणार, तीनदा उतारा पडला त्यावरून म्हणतोय. त्याने खाज दबते, कीडा मरत नाही. पाणी जास्त पितो का, घरात शू करतो का, हे विचार. आणि कुठली स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर मनाने एकदम थांबवू नका, डॉक्टर सांगतील तशी कमी करायची.

आता कीड्यावर औषध म्हणजे पिसू-गोचिडीच्याच गोळ्या, आफोक्सोलानर, फ्लुरालानर वगैरे, त्या खरजेच्या कीड्यालाही मारतात. डोस वजनावर ठरतो, अंदाजाने नाही. शेरूला कधी फिट आली असेल तर ते आधीच सांगायचं, अमेरिकेच्या एफडीएनेच, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, 2018 साली त्याबद्दल सावध केलंय. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही सोबतच द्यायची. आणि ठाण्यात नुसतं इंजेक्शन देऊन बोळवण होत असेल तर मुंबईत परळला जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, व्हेटर्नरी कॉलेजही तिथेच, 1886 पासूनचं.

मैत्रिणीची गोळी पाठवू नकोस. कशाची खाज ते कळल्याशिवाय ती दिली तर नुसतं अलार्मचं बटण बंद केल्यासारखं होईल.

---

काकांना अनुमोदन, पण एक उलटा अनुभव, नाहीतर सगळे लोक खरूजच धरून बसतील.

खारघरला आमच्या आजोबांकडे लॅब्रेडॉर कुत्रा आहे. त्याचं कान-कोपराचं नव्हतं, तो पंजे चाटून तपकिरी करायचा, कानाला आंबूस वास, पोट लाल, बारा महिने. आधी पिसवांचं औषध, मग वास येतो म्हणजे यीस्ट, एक प्रकारची बुरशी, त्यासाठी क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक शांपू, तोही फेस करून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. मग जेवणाची परीक्षा: त्याने आयुष्यात न खाल्लेलं एकच मांस आणि त्याच्यासोबतचं एकच काहीतरी, किमान आठ आठवडे, दुसरं काहीही नाही, आणि मग जुनं जेवण परत देऊन खाज परत येते का बघायचं. पाचव्या आठवड्यात कळलं की आजोबा चहासोबत त्याला रोज अर्धं पार्ले-जी देतात!! परत पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत जेवण निर्दोष सुटलं, शेवटी घरातल्या धुळीतल्या माइट्सची, म्हणजे बारीक किड्यांची, अ‍ॅलर्जी ठरली आणि आता त्याला तीच खाजेची रोजची गोळी चालू आहे, आणि आजोबांचं म्हणणं की बिस्किट उगाच बदनाम झालं. रक्त तपासून जेवणाची अ‍ॅलर्जी कळते म्हणणाऱ्या पॅकेजवर आम्ही बरेच पैसे घालवले, ते भरवशाचं नाही असं नंतरच्या डॉक्टरने सांगितलं.

---

मंडळी, अपडेट.

कान चोळला की पाय हलतो, बाबांनी चार वेळा करून दाखवलं, कॉलवर सगळे हसतोय. दुसऱ्या डॉक्टरने दोन जागी खरवडलं, काही दिसलं नाही, पण आईचे हात बघून शेरूला कीड्याची गोळी लगेच दिली, त्याचं वजन करून. आज तिसरा आठवडा. शेरू रात्री झोपतो, बाबा घोरतात, आता आईची झोप उडालीय. तिचं पुरळ जवळजवळ गेलं, पण भांड्यांचा साबण मात्र तिने बदललाच.

तर मैत्रिणीची ती गोळी कुणी नेऊ नका. जाणाऱ्यांच्या बॅगेत जागा असेल तर परत येताना आईने ठेवलेला मेतकुटाचा डबा आणा प्लीज.