मदत हवी आहे: अपडेट बरोबर चालतं, तरी ओळींचा आकडा शून्य

नमस्कार मंडळी,

वाळपईतल्या एका काजू खरेदीदाराच्या जुन्या प्रोग्रामची डागडुजी सध्या माझ्याकडे आहे. पीएचपी, मायएसक्यूएल डेटाबेस, दोघांना जोडायला मध्ये पीडीओ. मूळ कोड लिहिणारा आखातात गेला, त्याला विचारायची सोय नाही. सत्तरीतले बागायतदार बिया घेऊन येतात. सकाळी किलोचा दर टाकला की मगच पावत्या निघतात.

दर साठवताना आधी अपडेट (असलेली ओळ बदलणं) चालतं, मग रोकाउंट, म्हणजे किती ओळींवर परिणाम झाला तो आकडा, बघितला जातो. शून्य आला तर त्या खरेदी केंद्राची नोंदच नाही असं धरून इन्सर्ट, म्हणजे नवी ओळ. दर बदललेला असला की सगळं सुरळीत. पण कालचाच दर आज पुन्हा टाकला की रोकाउंट शून्य, गाडी इन्सर्टकडे वळते आणि १०६२ ची डुप्लिकेट (नोंद आधीच आहे) एरर! तीच वेअरची अट सिलेक्टला दिली तर ओळ व्यवस्थित मिळते. हंगामात दर बरेचदा जागचा हलत नाही, म्हणजे सकाळी फोन ठरलेला.

हाच कोड पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर लावून पाहिला, तिथं १ येतो. अटीत किती ओळी बसल्या, एवढंच मला हवंय. दर वेळी आधी सिलेक्ट नको. दोन काउंटरवरून एकदम नोंदी होतात, मधल्या क्षणात दुसऱ्यानं ओळ घातली तर?

प्रतिसाद:
मायएसक्यूएल जुळलेल्या नव्हे, प्रत्यक्ष बदललेल्या ओळी मोजतं. पीडीओची जोडणी उघडतानाच 'मायएसक्यूएल ॲट्रिब्यूट फाउंड रोज' ट्रू करा. नंतर करून उपयोग नाही. मात्र 'खरंच काही बदललं का' हे बघायला कुठे रोकाउंट वापरला असेल, तर तिथलं उत्तरही बदलेल. मी तर 'इन्सर्ट ऑन डुप्लिकेट की अपडेट' एवढं एकच विधान ठेवलं असतं. त्यात नवी ओळ १, बदललेली २, जशीच्या तशी ०. फाउंड रोज चालू असेल तर तो ० सुद्धा १ होतो.

धागाकर्ता:
एका ओळीला २? लॉगमध्ये दोन केंद्रांचे दर बदलले असं छापून येईल की! देव बरें करूं, फाउंड रोज लावतो. त्याऐवजी बदलाची वेळ 'नाउ'नं (आत्ताची वेळ देणारं फंक्शन) भरली, तर ओळ रोज बदललेलीच धरली जाईल ना?

प्रतिसाद:
धरली जाईल. पण कॉलम सेकंदापर्यंतचाच असेल आणि कुणी घाईत सेव्ह दोनदा दाबलं, तर पुन्हा शून्य.