धारवाडला रिट टाकली, आता तालुक्याच्या ऑफिसात फाइलीचं काय होतंय?

खानापूरची_भाची

नमस्कार मंडळी, जरा माहिती पाहिजे होती. आमच्या आत्याची विधवा पेन्शन, महिन्याला 800 रुपये, मागच्या वर्षी बंद पडली. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून सांगितलेत. आत्याचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं, शाळेचा दाखला मराठीत, त्यात वडिलांचं नाव, आधारात नवऱ्याचं नाव, आणि इकडं कर्नाटकात रेशन कार्डावर कन्नडमधून लिहिताना आडनावच वेगळं झालंय. अर्ज दिले, पोचा आहेत, उत्तर नाही. शेवटी वकिलांनी हायकोर्टाच्या धारवाड बेंचला रिट, म्हणजे सरकारी ऑफिसाला आदेश द्या म्हणून याचिका, टाकली, नंबर पण पडलाय. पण आता ऑफिसातली माणसं नेमकं करतात काय हेच कळत नाही. आत्याला भीती की साहेब चिडून फाइल बाजूला टाकतील, आणि एका क्लार्कनं तर तोंडावर सांगितलं की मॅटर कोर्टात आहे, आता इकडं यायचं नाही. हे खरं काय?

रिटायर्ड_केसवर्कर

ताई, मी महसूल खात्यात पेन्शनचं टेबल बघितलंय, आपल्याच जिल्ह्यात, म्हणून आतलं सांगतो. रिटमध्ये पहिलं नाव सरकारचं असतं, म्हणजे बेंगळुरूचे महसूल खात्याचे प्रिन्सिपल सेक्रेटरी, मग डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, आणि शेवटी तहसीलदार. पण बेंगळुरूला तुमच्या आत्याची फाइल नाही, ती तालुक्यालाच, त्यामुळं कागद फिरून फिरून खाली त्याच टेबलावर येतो. केस बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आली की सरकारतर्फे एजीए, म्हणजे सरकारी वकील, कोर्टातच नोटीस घेतात आणि मग खाली पत्र येतं की पॅरावाइज रिमार्क्स आणि मूळ फाइल पाठवा. ऑफिसच्या टपालात, म्हणजे आलेले कागद घेतात त्या टेबलावर, शिक्का पडतो, कोर्ट केसच्या रजिस्टरला नोंद होते, केस नंबर, अर्जदाराचं नाव, मागणी काय, पुढची तारीख कधी.

मग ते केसवर्करकडं येतं. तो सगळ्यात आधी बघतो की अंतरिम आदेश काही आहे काय, कारण असला तर त्याला मुदत असते आणि ती चुकली तर थेट साहेबांवर येतं. नंतर फाइल काढायची. मंजुरीचा आदेश, तलाठ्याचा रिपोर्ट, पेन्शन का थांबवली त्याची नोट शीट. इथंच घोळ असतो बघा. मंजुरीची फाइल रेकॉर्ड रूमला सापडते, पण पेन्शन थांबवलेली असते कॉम्प्युटरवर, त्याला कागदच नसतो, नोट नाही, आत्याला नोटीस दिल्याचा पुरावा नाही. मग रिमार्क्सला लिहायचं काय? रिटमधल्या एकेका पॅराला उत्तर द्यावं लागतं, हे खरं आहे, हे रेकॉर्डवर आहे, हे नाकारतो, असं. लिहिणारा माणूस फाइलीत आहे तेवढंच लिहितो, अर्जदाराच्या घरी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. शिरस्तेदार बघतात, तहसीलदार सही करतात, धारवाडला जातं, तिथं एजीए त्यावरून इंग्लिशमध्ये ऑब्जेक्शन्स, म्हणजे रिटला सरकारचं उत्तर, तयार करतात.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, रिमार्क्स जायच्या आधी आत्याचे सगळे कागद त्या फाइलीत पोचले पाहिजेत. वरती एक पानाचं पत्र, त्यात रिटचा नंबर ठळक, खाली एकच व्यक्ती असल्याचं नोटरी अफिडेव्हिट, आधार, पासबुक, नवऱ्याचा मृत्यू दाखला, आधीच्या अर्जांच्या पोचा. टपालात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का तारखेसकट घ्या. नुसतं केसवर्करच्या हातात देऊ नका, तो चांगला असला तरी उद्या बदली झाली की कागद कुठं गेला म्हणून विचारणार कुणाला?

धारवाड_बार

वरचं अगदी बरोबर. मी या बेंचला प्रॅक्टिस करतो, वकिलाच्या बाजूनं थोडी भर घालतो.

एक, "मॅटर कोर्टात आहे, इकडं यायचं नाही" हे साफ चूक. रिट दाखल झाली म्हणून पेन्शन परत सुरू करायला कोर्टानं मनाई केलेली नसते. चूक लक्षात आली तर खातं आपणहून दुरुस्त करू शकतं, एजीए कोर्टाला तसं सांगतात आणि केस तिथंच निकाली निघते. चांगला अधिकारी हेच करतो, कारण 800 रुपयांच्या पेन्शनसाठी ऑब्जेक्शन्स लिहीत बसण्यात कुणाचंच भलं नाही. आत्याला बिनधास्त पाठवा, बरोबर कुणीतरी असू द्या.

दोन, नंबर पडलाय म्हणता तो फायलिंग नंबर की रिटचा नंबर ते बघून घ्या. आधी रजिस्ट्री, म्हणजे कोर्टाचं ऑफिस, कागदातल्या त्रुटी काढते, त्या पुऱ्या झाल्या की मगच केस बोर्डावर येते. धारवाडचे रिट नंबर 1 लाखाच्या पुढचे असतात, कलबुर्गीचे 2 लाखाच्या पुढचे, त्यामुळं वेबसाइटवर बघताना धारवाड बेंचच निवडा नाहीतर काही सापडणार नाही.

निपाणी_ताई

भाषेबद्दल बोलते, कारण आपल्या भागात गाडी तिथंच अडकते. चंदगडचा मराठी दाखला नुसता जोडून चालत नाही, इंग्लिश भाषांतर करून लावायला सांगा वकिलांना. ऑफिसला द्यायचं पत्र कन्नडमध्ये द्या, येत नसेल तर लिहून देणारे असतात. मराठीत दिलं की आपला हक्क असला तरी टेबलावरच्या माणसाला वाचता येत नाही आणि नुकसान आपल्या बाईचं होतं, ते मला बघवत नाही. पेन्शन थांबवल्याची नोट शीट मागायची असेल तर आरटीआय टाका, 10 रुपये फी, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. आरटीआयचा अर्ज पण कन्नड, इंग्लिश नाहीतर हिंदीतच, कायद्यात तसंच आहे. आणि वकिलाच्या फीची अडचण असेल तर बायकांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत आहे, 15100 वर फोन करा.

खानापूरची_भाची

खूप आभार सगळ्यांचे, अफिडेव्हिटचं उद्याच बघते. अजून एक, कोर्टानं आदेश दिला आणि तरी ऑफिसनं काही केलं नाही तर?

धारवाड_बार

अशा रिटमध्ये बऱ्याचदा आदेश येतो तो असा, की अर्जदाराच्या अर्जावर इतक्या आठवड्यात निर्णय घ्या. आता नीट वाचा, ती मुदत बहुतेक वेळा आदेशाची प्रत ऑफिसला मिळाल्यापासून मोजायची असते. लोक निकाल लागला म्हणून घरी थांबतात आणि सर्टिफाइड कॉपी ऑफिसला पोचतच नाही, मग मुदत सुरूच होत नाही. कॉपी हातात आली की कव्हरिंग लेटर लावून टपालात द्या, पोच घ्या, शिवाय एक प्रत स्पीड पोस्टानं पाठवा. मुदत संपूनही काही झालं नाही तर कंटेम्प्टला, म्हणजे कोर्टाचा अवमान झाला म्हणून, परत कोर्टात जाता येतं, पण 1971 च्या कायद्यात त्याला 1 वर्षाची मर्यादा आहे, म्हणून पोच आणि पोस्टाची पावती दोन्ही आदेशाच्या प्रतीलाच टाचून ठेवा.

रिटायर्ड_केसवर्कर

आणि निर्णय घेतला म्हणजे पेन्शन मंजूरच केली असं नाही हां, नामंजूर पण करू शकतात, कारण देऊन. म्हणूनच नावाचं अफिडेव्हिट आत्ताच फाइलीत जाऊ दे. मागची थकबाकी रिटमध्ये मागितलीय की नाही ते पण वकिलांना विचारा, नसेल मागितली तर पेन्शन पुढची तेवढी सुरू होते आणि मागच्या पैशासाठी परत पहिल्यापासून अर्ज.