मदत हवी आहे: ८ वर्षं जुनं सीपॅप मशीन बदलायचं की तेच चालू ठेवायचं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या वडिलांसाठी आहे, ते रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपतात. जरा लांबण लागेल कारण सगळी माहिती दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही. अण्णा ६९ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत, आईसोबत मिरजेत राहतात, मी पुण्यात. २०१६ मध्ये त्यांना स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) निघाला. तेव्हा दुपारी जेवता जेवता हातात घास धरून डुलकी लागायची, रात्री घोरणं मध्येच बंद पडायचं आणि आई अंधारात श्वास परत सुरू होण्याची वाट बघत बसायची. स्लीप स्टडीत एएचआय ४६ आला, म्हणजे तासाला ४६ वेळा श्वास अडतोय किंवा अर्धवट होतोय (३० च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात). मग लॅबमध्ये अजून एक रात्र झोपवून टायट्रेशन केलं, म्हणजे किती दाबाची हवा लागते ते बघितलं, प्रेशर ११ ठरलं आणि फिक्स प्रेशरचं साधं सीपॅप घेतलं. त्या मशीनने माणूस बदलला हो, खरंच सांगते. पहिल्याच आठवड्यात पहाटे उठून स्वतः चहा करून आईला दिला, तो कप आईच्या अजून लक्षात आहे.

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात मशीनच्या स्क्रीनवर मोटरचं आयुष्य संपल्याचा मेसेज आला. तास बघितले तर २१,३०० झालेत. मशीन बंद पडलेलं नाही, हवा येतेय, अण्णा रोज वापरतायत. त्यांचं म्हणणं, "आगं चालतंय की ते, चालत्या गाडीचं इंजिन कोण उतरवतं?" पण परवा तेच म्हणाले की आवाज बदललाय, बेअरिंग घासतंय. आणि आवाजाच्या बाबतीत त्यांचं कधी चुकत नाही.

म्हणून एका डीलरकडून नवीन ऑटो मशीन (प्रेशर स्वतःच कमी-जास्त करणारं) दहा दिवसांच्या ट्रायलवर आणलं. मला वाटलं होतं एकदम फरक पडेल, पण झालं उलटंच. पहिल्या रात्री म्हणाले सुरुवातीला हवाच येत नाही, गुदमरल्यासारखं होतं. मग पहाटे तीनच्या सुमारास हवा इतक्या जोरात आली की मास्क गालावरून फडफडायला लागला. सकाळी पोट फुगलेलं, ढेकरा. चार रात्री असंच. जुन्या मशीनवर एएचआय १.९ असायचा, नवीनवर ३.४ दिसतोय. पाचव्या रात्री त्यांनी गपचूप जुनं लावलं आणि झोपले.

आवडलेल्या गोष्टीही सांगते. नव्याच्या नळीला आतून हीटर आहे, त्यामुळे थंडीत नळीत पाणी साचून नाकात थेंब येतात ते बंद झालं. जुन्याला आईने स्वेटरची बाही कापून नळीला घातलीय, ते बघून मला कससंच होतं. आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. इतका नाही की आई रात्री दोनदा उठून नळीला हात लावून बघते हवा येतेय ना म्हणून.

मास्क पण जुनाच आहे, नाकाचा. पट्टे सैल झालेत म्हणून आईने मागून टाके घालून आखूड केलेत, तरी सकाळी नाकाच्या दांडीवर लाल खूण असते.

तर विचारायचंय: नवीन मशीनची हवा खरंच "जास्त चांगली" असते का, की फक्त स्क्रीन आणि ॲपचे पैसे? एएचआय वाढला म्हणजे नवीन मशीन अण्णांना सूट होत नाही असं समजायचं का? डीलर ६४ हजार म्हणतोय, पैशाची तयारी आहे पण चुकीचं घ्यायचं नाहीये. आणि मिरजेत लाइट जाते, इन्व्हर्टरवर कोणी चालवतं का?

---

प्रतिसाद (९ वर्षं सीपॅप वापरणारा)

ताई, पहिलं काम म्हणजे जुनं मशीन कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल ते बघा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जुनी ड्रीमस्टेशन आणि सिस्टम वन वगैरे मशीनं परत मागवली होती, आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकतात म्हणून. ओझोनवाल्या सफाई यंत्रांनी तो फोम आणखी लवकर खराब होतो असंही तेव्हा सांगितलं होतं. तुमचं त्यातलं असेल तर एक रात्रही विचार करत बसू नका. नसेल तर घाई नाही, तो मोटरचा मेसेज सूचना आहे, मशीन त्याच दिवशी थांबत नाही. पण ज्या माणसाला ४६ होता त्याच्याकडे दुसरं तयार नसताना मोटर जाईपर्यंत थांबू नये हे माझं स्पष्ट मत.

हवेचं म्हणाल तर ११ चं प्रेशर म्हणजे ११ च, जुन्यातून येवो की नव्यातून. मी एअरसेन्स १० वरून ११ वर गेलो, टच स्क्रीन आली, मशीन आटोपशीर झालं, झोप मात्र तीच. मला खरा फरक पडला तो नवीन मास्कने. टाके घातलेले पट्टे आधी काढा हो. मास्कच्या कुशनचं सिलिकॉन मऊ पडलं की आपण पट्टा आवळत जातो, जितका आवळाल तितकी कड दुमडते आणि हवा जास्तच निसटते. नाकावरची लाल खूण म्हणजे तेच. मास्क बदलायला मशीन बदलावं लागत नाही, नळीचं तोंड बहुतेक सगळ्यांचं २२ मिमीचंच असतं.

---

प्रतिसाद (स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन)

तुमचं वर्णन वाचून एकच शंका आली, ट्रायलचं मशीन ४ ते २० प्रेशरच्या रेंजवर सोडलेलं असणार. डब्यातून येतं तसंच लावून देतात पुष्कळजण. ८ वर्षं ११ वर झोपलेल्या माणसाला ४ वर हवा येतच नाही असं वाटणारच. आणि मास्क गळत असेल तर ऑटो मशीन गोंधळतं, प्रेशर वर चढवतं, मग गळती अजून वाढते, हवा पोटात जाते. सगळी साखळी तुम्ही लिहिलीच आहे. यात मशीनचा दोष नाही, सेटिंगचा आणि मास्कचा आहे.

१.९ आणि ३.४ ची तुलना पण करू नका. ५ च्या आत आहे म्हणजे दोन्ही ठीक, प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत थोडी वेगळी असते आणि गळती जास्त असेल तर आकडाच भरवशाचा राहत नाही. मशीनमधलं मेमरी कार्ड काढून डॉक्टरांना दाखवा, त्यात रात्रभराचा आलेख असतो. तुम्हाला घरी बघायचा असेल तर ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण बघून स्वतः प्रेशर बदलू नका प्लीज.

एक विचारतो, २०१६ नंतर वडिलांचं वजन कमी-जास्त झालंय का?

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सीरियल नंबर तपासला, आमचं मशीन त्या रिकॉलमधलं नाही, जीव भांड्यात पडला.

वजनाचं विचारलंत आणि मी थबकलेच. तेव्हा ९४ किलो होते, शुगर निघाल्यावर चालायला लागले, आता ८३. म्हणजे ११ किलो उतरले तरी प्रेशर ११ च आहे आणि आम्ही कुणीच, मी सुद्धा, इतक्या वर्षात हा प्रश्न विचारला नाही. मशीन जुनं की नवीन यावर महिनाभर डोकं लावलं आणि आकडा २०१६ चाच.

शनिवारी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ट्रायल मशीन खरोखरच ४ ते २० वर होतं. त्यांनी आलेख बघून सांगितलं की गळतीच्या रात्री सोडल्या तर ९५ टक्के वेळ प्रेशर ८.८ च्या आतच आहे. मग रेंज ७ ते ११ केली, श्वास सोडताना प्रेशर थोडं कमी होतं ते सेटिंग २ वर ठेवलं आणि मास्क नवीन घेतला, साइज पण मोठी होती आधीची, एम लागतो त्यांना, एल वापरत होते. तीन रात्री झाल्या. पोट फुगत नाही, मास्क फडफडत नाही, सकाळी नाकावर खूण नव्हती तर आईने चष्मा लावून बघितलं. एएचआय १.६. अण्णा स्वतःहून म्हणाले, "ह्येचा आवाज बरा हाय, ठेवू."

तर नवीन घेतोय, जुनं बंद पडेपर्यंत स्पेअर म्हणून कपाटात. मशीनच्या पाण्याच्या टाकीत पांढरा थर बसला होता तो व्हिनेगरने निघाला, इथून पुढे डिस्टिल्ड पाणीच वापरायला सांगितलंय, नळाचं बंद.

इन्व्हर्टरचं तेवढं राहिलं. नवीन मशीनचा अडॅप्टर ६५ वॅटचा आहे, जुन्याचा ९० होता. पाणी आणि नळीचा हीटर बंद ठेवला तर फारच कमी खेचतं असं कळलं. पण आमचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला आहे आणि डॉक्टरांकडचा माणूस प्युअर साइनच (घरच्या लाइटसारखा करंट देणारा) घ्या म्हणाला. की बॅटरीवरून थेट १२ चं २४ व्होल्ट करणारी डीसी केबल घेऊ? सांगली-मिरज-कोल्हापूरकडे कोणी अशी केबल वापरत असेल तर रात्रभरात बॅटरी किती उतरते ते सांगाल का? पावसाळ्याच्या आत बसवायचंय, आमच्या गल्लीत पहिला पाऊस झाला की लाइट जातेच.